डाव्या बाजूचा आरसा

जुनी गाडी पुन्हा उभी करताना माणसं इंजिनावर जीव ओततात, रंगासाठी महिनोन्महिने थांबतात, व्हीलकॅपवरून वाद घालतात. आरशांचा विषय निघतो तो अगदी शेवटी, आणि तोही ‘कुठले शोभतील’ एवढ्यापुरताच. माझ्या मते तो पहिल्या दिवशी निघायला हवा. गाडीतल्या बहुतेक वस्तू आत बसणाऱ्यांसाठी असतात. आरसा मात्र मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी असतो.

हे मला आधी कळलं ते स्कूटरवर. आकुर्डीत १९७२ पासून बनू लागलेली बजाज चेतक आमच्या घरी नंबर लावून, बऱ्याच वर्षांनी आली. हँडलच्या उजव्या बाजूला गोल आरसा होता. निघण्याआधी बाबा तो रुमालाने पुसत. मी पुढे उभा असायचो. तिथून आरशात मागे बसलेल्या आईचा खांदा दिसायचा आणि त्यापलीकडे लक्ष्मी रस्त्यावरच्या सायकलींची रांग. वळायच्या आधी बाबांची नजर आरशात जायची, मग हात बाहेर, मग वळण. हा क्रम त्यांनी मला कधी शिकवला नाही. पाहून पाहून तो अंगात भिनला.

काकांकडे कुर्ल्यात बनलेली फियाट ११०० होती. तिचा आरसा दारावर नव्हता, पार पुढे मडगार्डवर होता. तो नीट लावायला दोन माणसं लागत. काका आत बसून सांगायचे, ‘थोडा वर... अजून... बस, आता हलवू नकोस,’ आणि बाहेर उभं राहून तो फिरवण्याचं काम माझ्याकडे असे. डाव्या बाजूला आरसाच नव्हता. तेव्हाच्या कितीतरी गाड्यांना तो नसायचा आणि कुणाचं त्यावाचून अडतही नव्हतं. रस्त्यावर सायकली जास्त, वेग कमी, आणि डावीकडून घुसणारा विरळाच.

मामांच्या माघारी त्यांची स्टँडर्ड हेराल्ड माझ्याकडे आली, आणि आरसा हा माझा स्वतःचा विषय झाला. इंग्लंडात ट्रायम्फ हेराल्ड १९५९ साली बाजारात आली. तिचा आकार इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तीचा. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून ती भारतात बनवली. याच हेराल्डची चासी आखूड करून १९६२ मध्ये ट्रायम्फने स्पिटफायर ही दोन आसनी स्पोर्ट्स कार काढली, आणि तिचंही रूप मिकेलोत्तीनेच घडवलं. माझी दोन दारांची हेराल्ड म्हणजे त्या स्पिटफायरची सख्खी थोरली बहीण. इंजिन ९४८ सीसीचं, पण वळते कशी! जेमतेम पंचवीस फुटांत उलटी फिरते. पेठांतल्या गल्ल्यांसाठीच बनवली असावी असं वाटतं.

या दोन्ही बहिणींची एक खोड सारखी आहे. बॉनेट आणि दोन्ही मडगार्ड मिळून एकच मोठा तुकडा, आणि तो अख्खा पुढच्या बाजूला कलंडतो. इंजिनाचं काम करायला हे फार सोयीचं. पण मडगार्डवर आरसा बसवला, तर बॉनेट उघडताना तोही सोबत जातो. बॉनेट पुन्हा आपटून बंद केलं की आरशाचा कोन बदलतो, आणि चालताना तो एवढा मोठा पत्रा थरथरतो ते वेगळंच. म्हणून या गाडीला आरसा दारावरच हवा, हे रचनेनेच ठरवून टाकलं.

कुठला, हा पुढचा प्रश्न. नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर तीन-चार नमुने आले. त्यात बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा, झगझगीत क्रोमचा ‘रेसिंग’ आरसा होता. स्पोर्ट्स कारच्या दारावर तो असा खुलून दिसतो की हात आपोआप तिकडे जातो. पण त्याची काच आमटीच्या वाटीच्या तोंडाएवढी. तिच्यात एक वेळ बस दिसेल, स्कूटर दिसेलच असं नाही. मी तो परत ठेवला आणि साधा, मोठ्या काचेचा, आखूड दांड्याचा जोड घेतला. दांडा जितका लांब, तितकी थरथर जास्त.

काचेतही भेद असतो. सपाट काच अंतर खरं सांगते, पण थोडंच दाखवते. फुगीर काच पुष्कळ दाखवते, पण मागची गाडी लहान आणि लांब वाटायला लावते. उजवा आरसा चालवणाऱ्याच्या जवळ असतो, तिथे सपाट काच चालते. डावा लांब असतो, म्हणून सपाट काचेत त्याच्यातून रस्त्याची चिंचोळी पट्टीच दिसते. तिथे फुगीर काच घ्यावी आणि अंतराचा अंदाज सवयीने बसवावा.

बसवण्याचं काम डेंटरमिस्त्रींकडे होतं. त्यांनी आधी मला सीटवर नेहमीसारखं बसायला लावलं आणि स्वतः आरसा दारावर धरून मागेपुढे सरकवत राहिले. पुढची त्रिकोणी काच आणि तिची उभी पट्टी आड येत होती. पट्टी चुकवून आरसा पूर्ण दिसला, तिथे त्यांनी चिकटपट्टी लावून पेन्सिलीने खूण केली. डाव्या दाराची खूण उजव्याच्या मापाने केली नाही. ती वेगळी बसून, वेगळी पाहून केली. मग दाराच्या आतलं रेक्झिनचं पॅड काढलं आणि खिडकीची काच पूर्ण खाली घेऊन बोटाने पोकळी चाचपली. स्क्रू लांब झाला तर काचेला ओरखडा पडणार. सेंटर पंचची एक टिचकी, आधी बारीक ड्रिल, मग जाड. भोकाच्या उघड्या कडेला त्यांनी रेड ऑक्साइड लावला, कारण पुण्याच्या पावसाळ्यात गंज तिथूनच सुरू होतो. आतून पत्र्याला लोखंडी पट्टीचा आधार, बाहेरून रबराचं पॅकिंग, आणि मग आरसा.

माझ्या काही जाणकार मित्रांना हे रुचलं नाही. मूळ गाडीला डावा आरसा नव्हता. जुन्या पत्र्याला भोक कशाला? त्यांची तळमळ मला कळते. प्रदर्शनात उभ्या राहणाऱ्या गाडीबद्दल ती रास्तही आहे. पण माझी गाडी कर्वे रस्त्यावरून जाते. तिथे डावीकडून निघणारी दुचाकी हा अपवाद नाही, रोजचा प्रघात आहे. आतल्या आरशात मागचा रस्ता दिसतो. डाव्या दाराशी आलेला स्कूटरवाला दिसत नाही.

आरशाचा इतिहासही गरजेचाच आहे. डोरोथी लेव्हिट या इंग्रज मोटारचालक बाईंनी १९०९ च्या आपल्या पुस्तकात बायकांना सल्ला दिला, की गाडीत हातआरसा ठेवा आणि मागचं पाहायला तो अधूनमधून वर धरा. १९११ च्या पहिल्या इंडियानापोलिस शर्यतीत रे हॅरूनने मागे लक्ष ठेवणारा सोबती न घेता मार्मन गाडीवर आरसा लावला आणि शर्यत जिंकली. विटांच्या त्या रस्त्यावर आरसा इतका हलायचा की त्यात धड काही दिसत नव्हतं, असं त्याने पुढे सांगितलं. नुसता आरसा असून भागत नाही, तो पक्का बसलेला लागतो.

आणि हा विषय आपल्या गावचाही आहे. वाहनांची चाचणी घेणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे. वेताळ टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांना तिच्या इमारती ओळखीच्या आहेत. भारतातल्या वाहनांची एआयएस मानकं ती प्रसिद्ध करते. त्यांतलं ००१ क्रमांकाचं मानक पाठीमागचं दाखवणाऱ्या आरशांचं आहे, आणि ००२ ते कसे बसवावेत याचं. ब्रेक, दिवे, पट्टे यांना पुढचे क्रमांक मिळाले, आरसा पहिला.

त्याच शहरात नव्या दुचाकीचे आरसे काढून ठेवणारी मुलं आणि गर्दीत डावा आरसा मिटवून चालवणारे मोटारवाले रोज दिसतात. त्यांना एकच विनंती आहे. आरसा घासला जाईल ही भीती खरी, पण घासलेला आरसा बदलून मिळतो. काढून ठेवलेला असेल तर आजच बसवा, मिटलेला असेल तर उघडा, आणि वळण्याआधी त्यात एकदा बघा.