पगार किती महिन्यांचा?

आमच्या जिंतूरला पाणी म्हणजे पूर्णेवरचं येलदरी धरण. इथल्या पोराने मुंबईला जाऊन शिडाची होडी चालवायला शिकवावं, याचं घरात सगळ्यांना नवल. भाचा तेच करतो. ताईचा मात्र एकच प्रश्न, "पगार किती?"

मला वाटतं, "किती महिने?" हे आधी विचारावं. मुंबईत शिडाच्या होड्यांचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. आपल्याकडे मृग लागला की कामाला माणूस मिळत नाही, आणि तिकडे त्याच मृगात होड्या काठावर ओढून ठेवतात! समजा, महिना २४ हजार मिळाले. आठ महिन्यांचे झाले १ लाख ९२ हजार. बाराने भागा, हातात १६ हजार. खोलीभाडं काही पाऊस बघून थांबत नाही.

भाच्याला हे वेड लागलं ते दिलीप दोंदेंमुळे. २००९-१० मध्ये 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली त्यांनी. पण ते नौदलात होते, पगार बाराही महिने.

आपल्या सालगड्याचं बघा. पाडव्याला साल ठरतं ते अख्ख्या वर्षाचं, रान रिकामं असलं तरी. म्हणून भाच्याला म्हटलं, बाबा, तू महिना नको, साल ठरव. पावसाळ्यात होड्यांची डागडुजी, शिडं शिवणं ही कामं असतातच, तीही अंगावर घे.

आणि ताई, हे वाचत असशील तर पुढच्या फोनला पगार विचारू नकोस. जून-जुलैत काय खातोस ते विचार.