खाट आणि खुर्ची

पंचवटीत राहणाऱ्यांना अरण्यकांडाचे अप्रूप फारसे उरत नाही. सीतागुंफा आणि तपोवन ही आमच्याकडे रिक्षावाल्याला सांगायची ठिकाणे आहेत. त्या कांडातला एक प्रसंग मात्र यात्रेकरूंना कोणी दाखवीत नाही. सीता दिसेनाशी झाल्यावर राम कदंबाला, बेलाला तिचा ठावठिकाणा विचारीत हिंडतो, आणि वाल्मीकी त्याला ‘उन्मत्त’ म्हणायला कचरत नाहीत. लक्ष्मण काय करतो? सोबत चालतो, समजूत घालतो, पुन्हा पुन्हा तेच बोलतो.

हे आठवण्याचे कारण अगदीच रुक्ष आहे. ते म्हणजे आरोग्य विमा.

शारीरिक आजारांच्या बरोबरीने मानसिक आजारांनाही विमा द्यावा, असे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम २१ सांगते. कायदा मे २०१८ मध्ये अमलात आला, ऑगस्टमध्ये विमा नियामकाचे परिपत्रक निघाले, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये कंपन्यांना तेच पुन्हा बजावावे लागले. त्याआधीच्या पॉलिसींत मनोविकार कोणाच्या पंक्तीला बसत, हे वाङ्मयाच्या अभ्यासकांनी जरूर पाहावे. वगळलेल्या गोष्टींच्या यादीत ते युद्ध, मद्यपान आणि स्वतःला करून घेतलेली इजा यांच्या शेजारी असत.

आमच्या वहिनींना नैराश्याने गाठले तेव्हा ही यादी बदललेली होती. तरीही विम्याचा एक रुपया मिळाला नाही. पॉलिसीला किमान चोवीस तासांची खाट हवी होती. वहिनींना लागली ती खुर्ची. पंधरवड्याला डॉक्टरांची भेट, समुपदेशकांकडे तासभर बोलणे, आणि गोळ्या. एजंट भला माणूस. हळहळत म्हणाला, “दोन दिवस अ‍ॅडमिट असत्या, तर क्लेममध्ये बसले असते.”

“म्हणजे मी आणखी बिघडायला हवे होते,” वहिनी म्हणाल्या. त्या दिवशी आम्ही सारे हसलो.

मधुमेहाच्या नेहमीच्या तपासण्यांनाही असेच काही मिळत नाही, असे एजंटाने सांगितले, आणि ते खरे आहे. तेव्हा बरोबरी अक्षरशः पाळली गेली, असे म्हणता येईल. पण मधुमेही खाटेवर पोहोचला तर शेजारी डबा घेऊन भेटायला येतात. मनाच्या रुग्णाची खाट म्हटली की आपल्या भाषेला ठाणे आणि येरवडा आठवते. ही गावांची नावे आपण थट्टेत शिवीसारखी वापरतो. त्या खाटेपर्यंत जावे लागू नये यासाठीच तर खुर्ची असते, आणि तिचेच पैसे घरातून जातात.

यंदा बाह्यरुग्ण उपचारांची जोड असलेली पॉलिसी पाहिली. हप्ता बराच जास्त आहे. अर्जात पूर्वीच्या आजारांचा रकाना होता. तो कोरा सोडावा, असे एका हितचिंतकाने सुचवले. वहिनींनी चष्मा लावला आणि त्यात ठसठशीत अक्षरांत ‘नैराश्य’ लिहिले. कंपनीचे उत्तर अद्याप आलेले नाही.