मागच्या अंगणातली कढई

बंगळूरमध्ये हेब्बाळच्या घरात रोजचा स्वयंपाक गॅसवर व्हायचा. लाकडं पेटायची ती फक्त हौसेपोटी. आमच्या आधीच्या पिढीची, म्हणजे बाबा, दोघे काका आणि आत्या यांची, ही हौस आम्ही भावंडांनी डोळे चोळत पाहिली. बेळगावहून हे सगळे नोकऱ्यांच्या मागे बंगळूरला आले. थोरले काका १९६४ साली स्थापन झालेल्या शेतकी विद्यापीठात, धाकटे जालहळ्ळीच्या कारखान्यात. सामानाबरोबर लग्नकार्यातली जुनी लोखंडी कढईही आली. पत्र्याचे तुकडे रिव्हेट मारून जोडलेले, दोन बाजूंना मनगटाएवढ्या कड्या. बुडाशी बारीक चीर गेल्यामुळे ती तळणातून बाद झाली होती. लोखंडी तिवईवर चढवली, तळाशी वाळूचा थर दिला, वर जाळी टाकली, की अंगणातली शेगडी तयार. चिरेचाही उपयोग झाला: चुकून पाऊस आत गेलाच तर पाणी साचत नसे.

तिथे पाऊस दोनदा गाठतो. जूनपासूनचा एक, आणि तो संपला म्हणावं तर ऑक्टोबरचा दुसरा. त्यामुळे कढईचा खरा मोसम डिसेंबर ते फेब्रुवारी. नऊशे मीटर उंचीवरचं गाव, संध्याकाळी स्वेटर लागायचाच. लाकडं वखारीतून येत. वखारीला घरात सगळे तिथल्या चालीने सौदे-डिपो म्हणत. सुरूचं लाकूड आणलं की थोरले काका खूश, कारण त्याचा निखारा टिकतो. नीलगिरी स्वस्त, पण तडतडून ठिणग्या उडवते आणि कणसाला औषधाचा वास लागतो. पेटवायला करवंट्या. खोक्यांच्या रंगवलेल्या फळ्यांना मात्र सक्त मनाई होती.

ज्वाळा दिसल्या की आम्ही कणसं घेऊन धावायचो आणि हमखास मागे हाकलले जायचो. ज्वाळेवर भाजलं की बाहेर काळं, आत कच्चं. निखाऱ्यावर पांढरी राख चढेपर्यंत थांबायचं. मग निखारे एका बाजूला ओढायचे: भरताची वांगी त्यांच्यावर, कोंबडी जाळीच्या कडेला मंद आचेवर, रताळी सरळ राखेत. जाळीला अर्ध्या कांद्याने तेल पुसायचं काम आत्याचं. त्या अवधीत विद्यापीठातलं राजकारण, बेळगावचा सीमाप्रश्न आणि कुणाचं तरी जमत नसलेलं लग्न असं सगळं शिजायचं.

आजी तेवढी वाऱ्याच्या वरच्या बाजूला खुर्ची ओढून बसायची. बेळगावला निम्मं आयुष्य फुंकणी फुंकण्यात गेलेलं. तिला लाकडाच्या धुराचं कौतुक कुठून असणार? मुलगे चुलीचा सोहळा करतात आणि त्यासाठी रविवार राखून ठेवतात, याचं तिला हसू यायचं. ‘खमंग धुराचा वास’ म्हणून आज गहिवरणाऱ्यांत मीही आहे. पण त्या घरातलं सर्वांत शहाणं माणूस त्या खुर्चीत होतं, असं माझं मत आहे.

दुसऱ्या दिवशीची साफसफाई मात्र पुरुषांकडे होती, हे मान्य करायला हवं. राख गार झाल्याशिवाय हलवायची नाही. वर विझलेली दिसते, पोटात निखारा असतो. ओलसर राख कढईत राहिली की लोखंड खाते, म्हणून ती लगेच काढायची. थोडी भांड्यांना, थोडी झाडांच्या बुंध्याशी. गंज दिसला तर विटेची पूड आणि काथ्या, मग तेलाचा पातळ हात देऊन कढई पुन्हा तापवायची. तेल जास्त झालं की चिकट होऊन वर धूळ बसते. पावसाळ्यात ती पडवीत पालथी, खाली दोन विटा.

२००३च्या सुमाराला उड्डाणपूल झाला, २००८मध्ये देवनहळ्ळीला विमानतळ सुरू झाला आणि तलावाकाठच्या त्या रस्त्याला वेगळीच घाई लागली. घर गेलं, तिथे मजले चढले. गच्चीवर जाळ करायला सोसायटीची परवानगी नाही.

इंग्लंडमध्ये मात्र असल्या कढया आता बागेतल्या शेगड्या म्हणून विकतात, नावासकट. तिथल्या चुलतभावाने परवा एक घेतली आणि पहिल्यांदा तेल कुठलं लावू, म्हणून घरच्या ग्रुपवर विचारलं. धाकट्या काकांनी जवस सांगितलं, आत्याने शेंगदाणा. दोघांचं अजून मिटलेलं नाही, आणि भाऊ म्हणतो, तिकडे पाऊस सुरू झालाय.