एका मिलिसेकंदात जळगाव

दसरा झाला की बोदवडला जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागते आणि काट्यावरच्या कॉम्प्युटरला दिवसा हात लावू देत नाहीत. म्हणून मी रात्री आठनंतर बसलो. काटा आणि मालकांचं जळगावचं ऑफिस इंटरनेटवरून असं जोडायचं होतं की मधल्या वाटेवर कोणाला काही वाचता येऊ नये. तोवर काटापट्ट्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर जात.

दोन्हीकडे छोटे राउटर लावून त्यांच्यात वायरगार्डचा कुलूपबंद बोगदा टाकला. २०२० पासून वायरगार्ड लिनक्सच्या गाभ्यातच आहे. बोदवडच्या राउटरची ४४ अक्षरांची किल्ली मी फोनवर जळगावला वाचून दाखवू लागलो, तर काट्यावरचे मुनीमजी दचकले. "भाऊ, किल्ली अशी मोठ्यानं सांगता?" ही नुसती कुलपाची बाजू आहे, उघडायची किल्ली राउटरातून बाहेरच पडत नाही, असं सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही पटलं नव्हतं.

बोदवडच्या ब्रॉडबँडला स्वतःचा पत्ताच नव्हता, अनेक ग्राहक एकाच पत्त्याआड. त्यामुळे जळगावहून इथं हाक मारता येत नाही. बोदवडनंच आधी मारायची, आणि परतीची वाट मिटू नये म्हणून दर २५ सेकंदांनी एक रिकामा ठोका द्यायचा. तेही जमलं. मग जळगावच्या हिशेबाच्या मशीनला, १९२.१६८.१.१० ला, पिंग केलं. उत्तर एका मिलिसेकंदात! मी खूश. जळगावच्या पोराला म्हटलं, मशीनची वायर काढ बरं. त्यानं काढली. उत्तरं येतच राहिली.

उत्तर देत होता माझ्या पाठीमागचा प्रिंटर. दोन्हीकडे राउटरसोबत आलेले १९२.१६८.१ चेच पत्ते, आणि दहा नंबरचं घर दोन्ही गावांत. घरातच सापडलेल्या पत्त्यासाठी कॉम्प्युटर बोगद्यात कशाला शिरेल? कुलूपकिल्लीवर दोन तास घालवणाऱ्या मला हे पहिल्या पाच मिनिटांत बघायला हवं होतं.

रात्री बाराला बोदवडचे पत्ते १९२.१६८.५१ वर नेले. नोंदी जळगावला दिसू लागल्या. सकाळी पहिली गाडी काट्यावर चढली आणि प्रिंटर मुका. त्याचा जुना पत्ता कोणीतरी हातानं भरून ठेवला होता, तो मी बदललाच नव्हता. दुपारपर्यंतच्या पट्ट्या मुनीमजींनी पेनानं लिहिल्या.