पाठमोरे

१.
डोंगरावरच्या बहुतेक फोटोंत माणसं पाठमोरी दिसतात. फोटो काढणारा त्यांच्या मागून धापा टाकत येत असतो, म्हणून. चेहरे हवे असतील तर त्याने सगळ्यांच्या आधी वर जायचं, पाय रोवायला जागा करायची, स्वतःला दोराने अडकवून घ्यायचं आणि वाट बघायची. मंडळी समोरून येऊन पुढे गेली की पळत पुन्हा त्यांना गाठायचं. आठ हजार मीटरवर ‘पळत’ म्हणजे चार पावलं, थांबून श्वास, मग आणखी चार पावलं.

२.
२९ मे १९५३, सकाळचे साडेअकरा. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा तो प्रसिद्ध फोटो तेनसिंगचा. हिलरीचा नाहीच. तेनसिंगला कॅमेरा येत नव्हता आणि शिकवायची ती जागा नव्हती, असं हिलरीचं म्हणणं. तेनसिंगच्या आत्मकथनात वेगळं आहे: तुझा काढतो अशी मी खूण केली, त्यानेच मान हलवून नको म्हटलं.

३.
कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या रात्री स्लीपिंग बॅगमध्ये, पोटाशी. ओले मोजे तिथेच. पाण्याची बाटलीही तिथेच, नाहीतर सकाळी दगड. उरलेल्या जागेत झोपायचं.

४.
वित्तोरिओ सेल्ला. गाव इटलीतलं बिएल्ला, घर लोकरीच्या गिरणीवाल्यांचं. आल्प्समध्ये हा ३० बाय ४० सेंटीमीटरच्या काचांवर फोटो काढायचा. एका काचेवर एकच. देवघरातल्या तसबिरीएवढी काच न फोडता कडा उतरवून आणा, मग बोलू. १८९९ मध्ये त्याने कांचनजुंगाला फेरी घातली, १९०९ मध्ये के-टूचा पायथा गाठला.

५.
फार थंडीत फिल्म पापडासारखी मोडते. घाईने गुंडाळली तर घर्षणाने ठिणगी पडून तिच्यावर विजेच्या रेघा उमटतात. आणि गारठलेला कॅमेरा उबदार तंबूत नेला की काचेवर दव.

आपल्याकडे दव आयतंच मिळतं. हरिश्चंद्रगडावर भर पावसात लेन्स पुसायला अंगावर कोरडं काहीच नव्हतं, म्हणून बनियनचं टोक वापरलं. कोकणकड्याच्या त्या फोटोतलं धुकं लोकांना फार आवडतं.

६.
१९९६ मध्ये डेव्हिड ब्रेशर्सने आयमॅक्स कॅमेरा एव्हरेस्टच्या माथ्यावर नेला. नेला म्हणजे शेर्पांनी वाहिला. कॅमेरा हलका करून घेतला होता, तरी धूडच. एक रीळ चालतं दीड मिनिट. रीळ भरायचं तर फिल्म खाचेतून ओवावी लागते, आणि जाड हातमोज्यांनी ओवणं होत नाही. हातमोजा काढायचा. दीड मिनिटासाठी.

७.
३ जून २०१७. अ‍ॅलेक्स हॉनॉल्ड एल कॅपिटनचा कडा दोराशिवाय चढला. ३ तास ५६ मिनिटं. सगळ्यात अवघड टप्प्यावर चित्रण करणाऱ्या जिमी चिनने माणूस उभा केला नव्हता, दुरून चालणारा कॅमेरा लावला होता. खालून चित्रण करणारा एक कॅमेरामन तोंड फिरवून उभा राहिला. तेही ‘फ्री सोलो’ या माहितीपटात आहे.

८.
१९५४, के-टूची पहिली यशस्वी चढाई. माथ्यावर कॉम्पान्योनी आणि लाचेदेल्ली. त्यांचा ऑक्सिजन वाटेतच संपला, असं अधिकृत हकिगतीत म्हटलं होतं. नळकांडी वर पोहोचवणाऱ्या वाल्तेर बोनात्तीवर पुढे आरोप झाला की त्यातला त्यानेच वापरला. १९९३ मध्ये रॉबर्ट मार्शल या ऑस्ट्रेलियन सर्जनने माथ्यावरच्या फोटोकडे नीट पाहिलं. कॉम्पान्योनीच्या तोंडावर मास्क होता.

फोटो तोवर कोणी लपवलेला नव्हता. छापून आलेला होता.

९.
२०१६ मध्ये पुणे पोलिसांतल्या एका जोडप्याने एव्हरेस्टच्या माथ्यावरचे आपले फोटो दाखवले. फोटो दुसऱ्याचे निघाले. नेपाळने दहा वर्षांची बंदी घातली.

१०.
आमच्या ग्रुपच्या अठरा वर्षांच्या ट्रेकच्या फोटोंत एक जण जवळजवळ नाहीच. फोटो तोच काढतो. मध्यंतरी त्याच्या बायकोने मला बाजूला घेऊन विचारलं, “भावोजी, हे खरंच तुमच्याबरोबर येतात ना?”

११.
२२ मे २०१९. एव्हरेस्टच्या धारेवर लागलेल्या रांगेचा निर्मल पुर्जाने काढलेला फोटो. रविवारी कळसूबाईच्या शिडीखाली उभं राहिलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही.

१२.
मॅलरी आणि आयर्विन ८ जून १९२४ ला एव्हरेस्टवर जाताना शेवटचे दिसले. बरोबर कोडॅकचा खिशात मावणारा कॅमेरा होता. तोही मोहिमेतल्या सॉमरवेलचा, उसना आणलेला. १९९९ मध्ये मॅलरीचा देह मिळाला. पत्रं, चाकू, गॉगल मिळाले. कॅमेरा नाही. २०२४ मध्ये जिमी चिनच्या चमूला रोंगबुक हिमनदीवर एक बूट दिसला. बुटात पाऊल, पावलावर लोकरीचा मोजा, मोज्याला शिवलेली नावाची पट्टी, बोर्डिंगातल्या पोरांच्या कपड्यांना असते तशी: ए. सी. आयर्विन.