कोरडी सुई

ड्राय नीडलिंगच्या सुईतून शरीरात कोणतेही औषध जात नाही. इंजेक्शनची सुई पोकळ असते. ही भरीव, साधारण पाव मिलिमीटर जाडीची, अ‍ॅक्युपंक्चरच्या सुईसारखीच. मात्र अ‍ॅक्युपंक्चर ऊर्जामार्गांचा विचार करते, तर ड्राय नीडलिंग आखडलेल्या स्नायूतली दुखरी गाठ शोधते. ही गाठ, म्हणजे ट्रिगर पॉइंट, दाबली की कळ दूर कुठेतरी उमटते. खांद्यावरच्या ट्रॅपेझियस स्नायूतली गाठ मानेतून वर कानशिलापर्यंत ठणकते. डोकेदुखीच्या गोळ्या खाऊन थकलेल्या माणसाचे मूळ दुखणे कित्येकदा खांद्यात सापडते ते यामुळेच.

कळांचे हे नकाशे जॅनेट ट्रॅव्हेल यांनी चिकाटीने मांडले. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या त्या डॉक्टर. ट्रॅव्हेल गाठीत भूल देणारे औषध टोचत. पुढे प्रागच्या कारेल लेविट यांनी १९७९ मध्ये २४१ रुग्णांवरचे निरीक्षण प्रसिद्ध केले: गुण औषधाचा नव्हे, सुईचाच आहे, फक्त ती नेमक्या जागी लागली पाहिजे. त्यांनी नोंदवलेले ८७ टक्क्यांच्या आसपासचे यश तुलनेच्या गटाविना होते, त्यावर विसंबू नये. नेमकेपणाचा मुद्दा मात्र आजही खरा आहे.

म्हणून या उपचारात सुईआधी बोटे शिकावी लागतात. स्नायूच्या धाग्यांना आडवे चाचपत गेले की ताणलेल्या दोरीसारखा एक पट्टा बोटाखालून सटकतो, आणि त्यात एका ठिकाणी रुग्ण म्हणतो, “हेच, हेच दुखतं.” ट्रॅपेझियसच्या खालीच फुप्फुसाचे टोक असते. त्यामुळे स्नायू चिमटीत धरून वर उचलायचा आणि सुईचे टोक पलीकडच्या बोटाच्या रोखाने न्यायचे; छातीकडे कधीच नाही. गाठ सापडली की गळाला मासा लागावा तसा स्नायू क्षणभर उडतो. रुग्ण दचकतो, म्हणून हे त्याला आधीच सांगून ठेवणे हा उपचाराचाच भाग. झटका आला नाही तरी आराम पडू शकतो. झटक्याच्या हट्टापायी पुन्हा पुन्हा टोचत राहणे चूक.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास विशेष जपावे लागते. सुईचा धसका असलेल्याला आग्रह करू नये. टोचलेली जागा एक-दोन दिवस ठणकते, शेकाने बरे वाटते. स्नायू सैल असलेल्या त्या दिवसांतच ताण आणि ताकदीचे व्यायाम सुरू करायचे असतात, नाहीतर गाठ परतते. खांदा, छाती किंवा पाठीत सुई घेतल्यावर दम लागला वा श्वास घेताना छातीत चमक आली, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.