नागरा रस्त्यावरचे साडेतीन हात

गोंदिया शहरातून उत्तरेकडे बालाघाटचा रस्ता निघतो. पाच-सहा किलोमीटरवर नागरा लागते, पुढे रावणवाडी, मग रजेगाव. तेथे बाघ नदीचा पूल ओलांडला की मध्य प्रदेश. नागऱ्याचे प्राचीन शिवमंदिर प्रसिद्ध आहे आणि महाशिवरात्रीला तिकडे पाय ठेवायला जागा नसते. एरवी हा रस्ता धानाचा आहे. दोन्ही बाजूंना बांध्या, मधूनमधून राईस मिलची धुराडी, आणि कापणीच्या दिवसांत आधारभूत खरेदी केंद्राकडे निघालेल्या ट्रॅक्टरांची रांग.

सकाळी सातच्या सुमारास या रस्त्यावर सायकलींची वर्दळ सुरू होते. मिलमधले कामगार, गवंडी, दूधवाले, आणि दहाच्या आसपास शहराकडे शाळेला जाणाऱ्या मुली. येथे सायकल हा कोणाचा छंद नाही. डबा कॅरिअरला बांधलेला असतो आणि वेळेवर पोहोचले नाही तर हजेरी बुडते. मी या गर्दीत उशिरा सामील झालो. रक्तातील साखर वाढल्यावर डॉक्टरांनी चालायला सांगितले. नागऱ्यापलीकडे आमचे धानाचे गोदाम आहे, तेव्हा मी स्कूटर सोडून सायकल धरली. सकाळी सातला जायचे, माल पाहायचा आणि साडेदहापर्यंत परत येऊन दुकान उघडायचे, असा क्रम ठरला.

हिवाळ्यात जाताना वारा समोरून, उत्तरेकडून येतो. ज्याने सायकल चालवली आहे त्याला सांगायला नको की चढापेक्षा वारा वाईट. चढ निदान कोठे संपतो ते दिसते. आपण ताशी 15 किलोमीटरने जात असू आणि वाराही तितकाच समोरून येत असेल, तर अंगावर येणारा वारा 30 चा होतो. अशा वेळी पुढच्या सायकलच्या अगदी मागे चाक लावले की तो माणूस भिंतीसारखा आडोसा होतो आणि पॅडल एकदम हलके पडते. शर्यतीतले सायकलस्वार याच न्यायाने एकामागे एक रांग धरतात. पण ते एकाच संघाचे किंवा एकमेकांना ओळखणारे असतात, आळीपाळीने पुढे येतात आणि खड्डा दिसला की हाताने मागच्याला दाखवतात. मला ही युक्ती कोणी शिकवली नाही. वाऱ्यानेच शिकवली, आणि ती मी एका अनोळखी माणसावर वापरू लागलो.

तो कोण, कोणत्या मिलमध्ये जातो, हे मला ठाऊक नव्हते. निळा स्वेटर, कॅरिअरला स्टीलचा डबा आणि मडगार्ड नसलेले मागचे चाक, इतकीच ओळख. रेल्वेचा पूल उतरला की तो दिसे आणि मी न बोलता त्याच्या मागे लागे. त्याचा वेग कमी झाला की माझे पॅडल थांबे, आणि फ्रीव्हीलची कटकट त्याच्या कानावर जात असणार. एक-दोनदा त्याने मान किंचित वळवली. मी तिकडे लक्ष दिले नाही. त्याचे काय जाते, असा माझा हिशोब होता. वारा तो कापणारच होता, मी मागे असलो किंवा नसलो तरी.

एका सकाळी नागऱ्याच्या अलीकडे डांबर उखडलेले होते. त्याला खड्डा दिसला, मला त्याची पाठ दिसत होती. त्याने ब्रेक लावला, माझे पुढचे चाक त्याच्या मागच्या चाकाला घासले आणि मी साइडपट्टीवर आडवा झालो. अशा धडकेत बहुधा मागचाच पडतो, कारण पुढचे चाक अडकले की हँडल हातात राहत नाही. गुडघा फुटला, मनगट मुरगळले. मागून येणारा ट्रॅक्टर वेळेवर थांबला. एरवी हा लेख लिहायला मी नसतो. त्या माणसाने मला उठवले, सायकलची चेन चढवून दिली आणि म्हणाला, “मांगं आहा म्हणून सांगाचं होतं ना, काकाजी. मी हात दाखवलो असतो.”

रागाचा शब्द नाही. पण त्या एका वाक्याने माझा हिशोब चुकीचा ठरवला.

पुढे आठ दिवस मनगटाला पट्टी होती, म्हणून घरीच सामायिक आणि वाचन चालले. गुरूंच्या तेहतीस आशातना आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. गुरूंच्या पुढे चालू नये, बरोबरीने चालू नये, आणि मागे अगदी लगटूनही चालू नये. पुढे न चालण्याचे कारण कोणालाही कळते. लगटून मागे चालण्यात आशातना कसली, हे मला कधी नीट उमगले नव्हते. परंपरा सांगते की मागच्याचा श्वास, शिंक, थुंकीचा कण अंगावर जातो. आता मला वाटते की शिंक नसली तरीही ते खरे आहे. पाठीमागे कोणी लागले की चालणाऱ्याचे अर्धे चित्त मागे राहते.

दुसरी गोष्ट अवग्रहाची. वंदनाच्या वेळी आपण गुरूंच्या भोवतीच्या मोजक्या जागेत शिरण्याची आधी अनुज्ञा मागतो आणि मगच पुढे होतो. ती जागा साडेतीन हात. गंमत अशी की ईर्यासमितीतही पुढची जमीन पाहण्याचे माप साडेतीन हातच सांगितले आहे. दिगंबर परंपरेत ते चार हात आहे. एकाच मापात स्वतःची सावधगिरी आणि दुसऱ्याचा आदर, दोन्ही बसतात. मी त्या माणसाच्या मागे लागलो तेव्हा माझ्या पुढची साडेतीन हात जमीन त्याच्या चाकाने झाकली होती. माझी ईर्यासमिती मी त्याच्या डोळ्यांवर सोपवली होती, आणि त्याला ते सांगितलेही नव्हते. वारा अडवल्याने त्याचे काही गेले नसेल. पण त्याच्या निश्चिंतपणातला वाटा मी न विचारता घेतला. दुकानात कोणी न सांगता उधारी नेली तर आपण त्याला काय म्हणतो? अदत्तादानाचे व्रत मालापुरतेच आहे असे मानणे व्यापाऱ्याला सोयीचे असते, इतकेच.

व्यापारी असल्याने मापाचा हिशोबही करून पाहिला. ताशी 15 किलोमीटर म्हणजे सेकंदाला चार मीटरहून थोडे अधिक. पुढच्याने ब्रेक लावल्यापासून आपला हात ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यात नऊ हात जमीन मागे पडते. पायी चालणाऱ्या साधूला साडेतीन हात पुरतात. सायकलवाल्याला नऊही कमीच. मोटारचालकांसाठीच्या 1989 च्या आणि त्यानंतरच्या 2017 च्या विनियमांत पुढच्या वाहनापासून पुरेसे अंतर ठेवण्याचे कलम आहे. ते मोटारींसाठी. दोन सायकलींमधले अंतर ज्याच्या त्याच्या सभ्यतेवर सोडलेले आहे.

मनगट बरे झाल्यावर मी बोलायला सुरुवात केली. “भाऊ, थोडा वेळ मागे आहे, चालेल ना?” बहुतेक जण “या ना” म्हणतात. एकाने स्पष्ट सांगितले की मागे कोणी असले की त्याला सायकल चालवता येत नाही, मी पुढे व्हावे. मी पुढे झालो, आणि रावणवाडीच्या दिशेने आलेला सगळा वारा खाल्ला. निळ्या स्वेटरवाल्याशी आता अर्धा रस्ता मी पुढे, अर्धा तो, असे न ठरवता ठरले आहे. तो पुढे असला की खड्ड्यापाशी डावा हात खाली करतो. मी घंटी वाजवत नाही. येथे घंटीचा अर्थ ‘बाजूला व्हा’ असाच घेतला जातो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला एक हात धरून ओढत जाणारी मुलेही याच रस्त्यावर दिसतात. त्यांना मी दोनदा टोकले आणि दोन्ही वेळा हसे झाले.

मुलींची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि ती लिहिताना मला संकोच वाटतो. परतीच्या वेळी त्यांचे थवे शहराकडे निघालेले असतात. कित्येकींना मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळालेली. पडण्याच्या आधीची गोष्ट. एकदा एक मुलगी एकटीच पुढे होती आणि मी नेहमीच्या सवयीने मागे. तिने तीनदा वळून पाहिले, वेग वाढवला, मग एका टपरीपाशी एकदम उतरून उभी राहिली. तेव्हा मला वाटले, हिला काहीतरी घ्यायचे असेल. आपल्या शास्त्रात परलिंगी व्यक्तीसाठी अवग्रह साडेतीन नव्हे, तेरा हातांचा सांगितला आहे. म्हणजे जवळजवळ सहा मीटर. ते वाचले तेव्हा ती टपरी डोळ्यांपुढे आली. माझे वय, माझे पांढरे केस, माझा हेतू हे सारे मला माहीत होते. तिला फक्त मागे लागलेले चाक ऐकू येत होते. येथे ‘मी मागे आहे, चालेल ना?’ असे विचारणेही योग्य नाही. ती नाही कशी म्हणणार?

यंदाच्या संवत्सरीला ज्यांची नावे ठाऊक होती त्यांना ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हटले. तिला थांबवून क्षमा मागणे म्हणजे पुन्हा तिच्या अवग्रहात शिरणेच झाले असते. हल्ली दहाच्या सुमारास नागऱ्यात मुलींचा थवा दिसला की मी चहाच्या दुकानापाशी उतरतो आणि तो दिसेनासा होईपर्यंत थांबतो. दुकान पाच-दहा मिनिटे उशिरा उघडते. मुनीमजींनी कारण विचारले. सांगितल्यावर ते काही बोलले नाहीत, मात्र दुसऱ्या दिवसापासून किल्ली त्यांनी स्वतःकडे ठेवून घेतली.